विजापूर: घुमट, साठ कबरी आणि परतीची रात्र

पुण्याहून हंपीला निघालेल्या गाड्या विजापूरवरून जातात. त्यातली बहुतेक माणसं तिथे चहा पितात, लांबून गोलघुमट बघतात आणि पुढे सुटतात. हे मला फार दिवसांपासून खटकत होतं. शहाजीराजांनी ज्या दरबारात चाकरी केली, अफझलखानाने जिथे विडा उचलला, ज्या शहराचं नाव चौथीच्या इतिहासात पानोपानी वाचलं, ते शहर आपल्याकडच्या किती जणांनी नीट पाहिलं असेल? डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारसाठी कुणाची सोबत जमेना, म्हणून एकटीनेच जायचं ठरवलं. शुक्रवारी रात्री स्वारगेटहून बस धरली आणि शनिवारी उजाडायच्या आत विजापुरात उतरले.

शनिवार, सकाळ

गावाचं सरकारी नाव 2014 पासून विजयपुरा आहे. पण रिक्षावाल्यापासून खानावळवाल्यापर्यंत कुणीही माझ्या तोंडचं 'विजापूर' दुरुस्त केलं नाही. गावात कन्नड, दखनी आणि मराठी अशा तिन्ही भाषा सहज कानावर पडतात. स्टेशन रोडवर आधी फोन करून खोली ठरवली होती. बॅग टाकली, तोंड धुतलं आणि चालत गोलघुमटाकडे निघाले. हवेत चांगलाच गारठा होता. पुण्याच्या थंडीपेक्षा हा वारा कोरडा असतो, ओठ लगेच फुटतात.

घुमट सकाळी सहाला उघडतो आणि जायची खरी वेळ तीच. बागेत फिरायला येणारे गावातले चार-दोन लोक सोडले तर आवारात कुणीही नव्हतं. अंधारात ती काळ्या दगडाची भिंत जवळ येत जाते, तेव्हा तिचा आकार नजरेत मावत नाही. चार कोपऱ्यांना चार अष्टकोनी मनोरे आहेत, प्रत्येक सात मजल्यांचा. त्यांच्या पोटातून अरुंद जिना वर जातो. पायऱ्या उंच आहेत, गुडघ्यांचं दुखणं असेल तर सावकाश चढा. दर मजल्यावर कमान येते आणि बाहेरचं गाव थोडं थोडं उजळत जाताना दिसतं.

गच्चीवरून एका लहानशा दारातून आत शिरलं की घुमटाच्या आतून फिरणारा सज्जा लागतो. खाली बघितलं तर पोटात खड्डा पडतो. आतला व्यास सुमारे 38 मीटर आहे आणि एवढ्या मोठ्या दालनात मध्ये एकही खांब नाही. चौकोनी भिंतींवर गोल घुमट बसवायचा कसा, हा प्रश्न त्या कारागिरांनी एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींनी सोडवला. त्या कमानी चौकोनाचा गोल करतात आणि घुमटाचा रेटा आत ओढून धरतात. सतराव्या शतकाच्या मध्यावर हे बांधून झालं आणि अजून जागचं हललेलं नाही.

सज्ज्यात पहाऱ्यावरचे एक काका बसले होते. मी एकटीच आहे म्हटल्यावर स्वतःहून उठले. "ताई, तिकडं समोर जाऊन बसा. भिंतीला कान लावा," म्हणाले. मी अर्धा वळसा घालून समोर जाऊन बसले. ते पलीकडे भिंतीशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटले आणि माझ्या कानाशी शब्द आले, "कुठल्या गावच्या?" मी तशीच कुजबुजत "पुणे" म्हटलं. उत्तर आलं, "लांबून आलात."

मग त्यांनी हाताने खूण केली, आता मोठ्याने बोला. काय बोलावं सुचेना. तोंडातून 'विठ्ठल' निघालं. ते नाव वर गेलं, फिरलं आणि एकामागून एक परत येत राहिलं, दर वेळी थोडं मऊ होत. सात-आठ वेळा तरी ऐकू आलं. काका हसले नाहीत, त्यांनी नुसती मान हलवली. मला रडू फुटेल असं वाटलं होतं आणि फुटलंही.

साडेआठच्या सुमाराला सहलीची मुलं आली आणि किंकाळ्या सुरू झाल्या. मुलांना कोण दोष देणार? पण तेव्हा तिथे शब्द ऐकू येत नाहीत, नुसता गलका फिरत राहतो. म्हणून पुन्हा सांगते, सहा वाजता जा.

खाली दालनात महंमद आदिलशाहाची कबर आहे. त्याच चौथऱ्यावर त्याच्या बेगमा, मुलगी, नातू आणि रंभा नावाची त्याची आवडती नर्तकीही आहे. वरच्या कबरी दाखवण्यापुरत्या, खऱ्या खाली तळघरात. शहाजीराजांना 1648 मध्ये कैद करणारा आणि पुढल्या वर्षी सोडणारा सुलतान तो हाच. बाल शिवाजीच्या घरावर ज्याच्या रागालोभाची सावली होती, त्याच्या कबरीपाशी मी उभी होते आणि मनात राग असा आलाच नाही. आपल्या घराण्याच्या जुन्या दाव्यातला दुसरा पक्ष पहिल्यांदा समोर भेटावा, तसं काहीसं वाटलं.

समोरच्या नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. शुक्रवारी ते बंद असतं, शनिवार-रविवारवाल्यांना अडचण नाही.

शनिवार, दुपार आणि संध्याकाळ

जेवायला लिंगायत खानावळ शोधा. हॉटेलात पंजाबी भाज्या मिळतात, त्या खायला एवढ्या लांब येऊ नये. गांधी चौकाजवळच्या गल्लीत मला एक खानावळ सापडली. बाहेर पाटीही धड नव्हती, पण दारात चपला खूप होत्या. आत चुलीपाशी दोघी जणी ज्वारीच्या भाकरी थापत होत्या, आवाजावरूनच हात तयार असल्याचं कळत होतं. ताटात गरम भाकरी, शेंगदाण्याच्या कुटात भरलेली वांगी, म्हणजे इथली एण्णेगाई, मोड आलेल्या मुगाची उसळ, शेंगांची चटणी, कारळ्याची चटणी आणि घट्ट दही आलं. बाजूला कच्ची मेथी, कांद्याची पात आणि मुळा. मेथीची ती कोवळी जुडी भाकरीच्या घासाबरोबर तशीच खायची. तिचा कडवटपणा आणि चटणीचा तिखटपणा एकमेकांना सांभाळून घेतात. मागितली तर कडक भाकरीही मिळते, पापडासारखी पातळ आणि कुरकुरीत. ती बांधून घ्या, टिकते.

वाढणाऱ्या मावशींनी मी एकटी आहे हे पाहून माझ्यासमोरच बसकण मारली. "अक्का, नवरा कुठं?" असं थेट विचारलं. लग्न झालेलं नाही म्हटल्यावर क्षणभर विचार करून म्हणाल्या, "मग अजून एक भाकरी खा." खाल्ली.

दुपारी ऊन चटका देतं, तेव्हा जामी मशिदीत जाऊन बसावं. पहिल्या अली आदिलशाहाने 1565 च्या तालिकोटच्या लढाईनंतर ती बांधायला घेतली. आत ओळीने कमानी, फरशीवर नमाजासाठी आखलेले चौकोन आणि कमालीचा गारवा. तिथून असार महाल जवळच आहे. पैगंबरांचे केस तिथे जपले आहेत अशी श्रद्धा आहे. स्त्रियांना आत प्रवेश नाही. मी बाहेरून उंच लाकडी खांब आणि समोरचं पाणी बघितलं. आत जुनी भित्तिचित्रं आहेत हे ठाऊक असताना दारातून परतावं लागलं, याचं दुःख झालं आणि ते अजून गेलेलं नाही. स्त्रीने कुठल्याही देवाच्या दारात थांबून राहू नये असं मला वाटतं, आपल्याकडेही आणि तिथेही.

गगन महालाची मधली कमान प्रचंड आहे. 1686 मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं तेव्हा शेवटचा आदिलशाह, कोवळा सिकंदर, चांदीच्या बेड्या घालून इथेच त्याच्यासमोर आणला गेला असं सांगतात. आता त्या कमानीखाली मुलं क्रिकेट खेळत होती. संध्याकाळी बारा कमानला गेले. दुसऱ्या अली आदिलशाहाची ही अर्धवट राहिलेली कबर. याच्याच काळात, 1659 मध्ये, अफझलखान वाईकडे निघाला. छत नसलेल्या काळ्या कमानींमधून मावळतीचा उजेड येतो. फोटो काढायला विजापुरात यापेक्षा चांगली जागा आणि वेळ नाही. बाहेर गाड्यावर गिरमिट मिळतं, चुरमुऱ्यांचं ओलसर, आंबट-तिखट प्रकरण. सोबत मिरची भजी घ्यायचीच.

रविवार

दिवसभरासाठी एक रिक्षा ठरवली. रिक्षावाले चाचा साठीचे होते, बोलणं दखनी, मराठी आणि कन्नड यांची सरमिसळ. जागांची नावं आणि एकूण पैसे निघतानाच बोलून घ्या, म्हणजे दिवसभर डोक्याला ताप राहत नाही. साठ कबर हे नाव त्यात आवर्जून घाला. गावाबाहेर आहे, रस्ता खराब आहे, त्यामुळे ते टाळलं जातं.

आधी इब्राहिम रोजा. विजापुरात वेळ एकाच जागेपुरता असेल तर मी गोलघुमट सोडून इथे येईन, हे माझं ठाम मत आहे. घुमट दिपवतो. रोज्यात मात्र कारागिराच्या बोटांजवळ जाता येतं. एका चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मध्ये हौद, नाजूक मिनार. खिडक्यांच्या दगडी जाळ्या म्हणजे नुसती नक्षी नाही, ती कुराणातली वचनं आहेत. अक्षरांच्या मधला दगड कोरून काढला आहे आणि उजेड त्या अक्षरांतून आत येतो. बांधणाऱ्याचं नावही भिंतीवर आहे, मलिक संदल. केवढ्या इमारती आपल्याकडे आहेत आणि त्यातल्या किती जणांची नावं उरली आहेत!

इथे झोपलेला दुसरा इब्राहिम आदिलशाह (1580 ते 1627) शाळेच्या पुस्तकात फारसा येत नाही, ही मोठी उणीव आहे. गाण्याचं वेड असलेला हा राजा. त्याने 'किताब-ए-नौरस' हा गाण्यांचा ग्रंथ दखनीत लिहिला. त्यात सरस्वतीला आणि गणपतीला वंदन केलं आहे. आपल्या तंबोऱ्याला त्याने नाव दिलं होतं, मोतीखान. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. रोज्यातल्या मशिदीच्या पायरीवर बसून मी चाचांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "हमारे अब्बा भी बोलते थे. वो बादशाह सबका था."

तिथून मुलूखमैदान तोफ. 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली, वजन 55 टनांच्या आसपास. तोंडाशी सिंहाचा जबडा आहे आणि जबड्यात सापडलेला हत्ती. निजामशाहीची ही तोफ परांड्याच्या किल्ल्यातून 1632 मध्ये विजापूरला आणली ती मुरार जगदेवाने. पुणेकरांना हे नाव माहीत असायला हवं. 1630 च्या सुमाराला पुणं जाळून गाढवाचा नांगर फिरवला तो याच मुरार जगदेवाच्या हुकमाने, आणि भीमा-इंद्रायणीच्या संगमावर हत्तीची तुला करून तुळापूरला नाव मिळवून दिलं तेही यानेच. जिजाबाईंनी सोन्याचा नांगर फिरवून वसवलेल्या पुण्यातून मी आले होते आणि गाढवाचा नांगर फिरवणाऱ्याने आणलेल्या तोफेवर हात ठेवून उभी होते. उन्हातही तो धातू गार लागतो. शेजारचा उपळी बुरूज चढून जा. बाहेरून फिरत जाणाऱ्या पायऱ्या आहेत, वरून सगळं विजापूर दिसतं.

साठ कबरीला पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बाजूला ज्वारी आणि तूर, मध्ये एक मोडका चौथरा आणि त्यावर काळ्या दगडाच्या कबरी, रांगेत, एकसारख्या. आख्यायिका अशी की, शिवाजीवर निघालेल्या अफझलखानाला ज्योतिष्याने सांगितलं, तू परत येणार नाहीस. मागे राहिलेल्या बायका दुसऱ्याच्या होऊ नयेत म्हणून त्याने त्यांना जवळच्या विहिरीत लोटून मारलं. खरं-खोटं कुणी सांगावं. पण चाचांनी दाखवलं, सगळ्या कबरींचा माथा सपाट आहे, आणि सपाट माथा म्हणजे बाईची कबर. इतक्या बायका, इतक्या सारख्या, एका रांगेत.

अफझलखानाचा वध मी लहानपणापासून ऐकत आले. वाघनखं, चिलखत, सय्यद बंडा, सगळं पाठ आहे. खान स्वतः प्रतापगडाच्या पायथ्याशी पुरला गेला, ती कबरही ठाऊक होती. या बायकांबद्दल मात्र कुणीही कधी चार वाक्यं सांगितली नव्हती. मी रांगांमधून हळूहळू चालले. एकीवरही नाव नाही. चाचा विहिरीच्या बाजूला तोंड करून उभे होते. निघताना म्हणाले, "यहाँ लोग नहीं आते, बेटी. तुम आई, अच्छा किया."

विजापूरला जाणाऱ्या प्रत्येकाने इथे यावं. गोलघुमटाइतकंच हेही आपल्या गोष्टीतलं आहे.

रविवार रात्र: परतीचा प्रवास

पुण्याची स्लीपर बस रात्री साडेनऊला होती, पैसे आधीच भरलेले. पावणेआठला मोबाइलवर संदेश आला: तांत्रिक कारणामुळे आजची फेरी रद्द. एवढंच. पर्यायी गाडी नाही, बोलायला नंबर नाही. तिकिटावर छापलेला नंबर वाजून वाजून बंद होत होता. थांब्यावरच्या कार्यालयात गेले तर शटर अर्धं खाली. आतला मुलगा म्हणाला, "मॅडम, मलाही आत्ताच कळलं." त्याच्यावर ओरडून उपयोग नव्हता. रविवारची रात्र, बाकीच्या गाड्या भरलेल्या. दोन तास आधी रद्द करणाऱ्या धंद्याला हे माहीत नसतं का, की सोमवारी सकाळी माणसांना कामावर हजर व्हायचं असतं? याचा मला अजूनही संताप येतो.

चाचांना फोन केला. ते घरी जेवायला बसले होते, तसेच उठून आले आणि त्यांनी मला स्टँडवर सोडलं. पैसे घेतले नाहीत. सोलापूरची गाडी नऊनंतर मिळाली, उभ्याने. सोलापूर शंभर किलोमीटर, अडीच तास, तिथून पुण्याला रात्रभर काहीतरी मिळेल असा हिशेब.

झळकीच्या आसपास जळका वास आला आणि गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. ड्रायव्हरने खाली वाकून बघितलं, कंडक्टरने फोन लावला आणि मग सगळ्यांना उतरायला सांगितलं. बाहेर बोचरी थंडी. थोड्या अंतरावर एक ढाबा होता, तिथे आम्ही तीस-चाळीस माणसं शेकोटीभोवती जमलो. मागून आलेली पहिली गाडी इतकी भरलेली होती की थांबलीसुद्धा नाही. सोलापूरच्या बाजाराला कांदा घेऊन निघालेल्या एका टेम्पोने चार तरुण पोरांना गोण्यांवर बसवून नेलं.

माझ्या शेजारी एक आजी होत्या. लेक सोलापूरला दिलेली, बाळंतपणाला निघाल्या होत्या. त्यांनी मला स्वतःच्या घोंगडीत घेतलं आणि माझी सगळी चौकशी केली. साठ कबरीला गेले होते म्हटल्यावर कपाळाला हात लावला. "आम्ही इतकी वर्षं इथं राहतो, कधी गेलो नाही. भ्या वाटतं." मग थोड्या वेळाने, "बिचाऱ्या," म्हणाल्या.

पावणेबाराला दुसरी गाडी आली. कंडक्टरने बायका, म्हातारी माणसं आणि मुलं आधी चढवली, हे त्याने फार चांगलं केलं. टाकळीच्या पुलावर भीमा ओलांडली तेव्हा आजी माझ्या खांद्यावर झोपल्या होत्या. सोलापुरात उतरलो तेव्हा एक वाजत आला होता. त्यांचा जावई न्यायला आला होता. "पोरी, घरी चल, सकाळी जा," असा आजींनी आग्रह धरला. मी नाही म्हटलं, तर पिशवीतून दोन शेंगापोळ्या काढून हातात दिल्या.

सोलापूर स्टँडवर पुण्याच्या दोन गाड्या डोळ्यांसमोरून भरून गेल्या. बाकावर बसून पोळी खाल्ली. पहाटे तीनला शेवटच्या रांगेतली एक जागा मिळाली. भिगवणला चहा झाला, आठनंतर हडपसरच्या कोंडीत तासभर गाडी इंच-इंच सरकत होती. साडेनऊला घरी पोचले आणि ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रद्द फेरीचे पैसे सात ते दहा दिवसांत मिळतील असं उत्तर आलं होतं. ती मुदत उलटून गेली, पैसे आलेले नाहीत. मी दर आठवड्याला मेल करते आहे आणि करत राहणार.

एकट्याने जाणाऱ्यांसाठी परतीचं सांगते. विजापूरहून रविवारी दुपारी चारच्या आत निघा, म्हणजे सोलापूर फार उशीर न होता गाठता येतं. सोलापूर ते पुणे रेल्वेचं आरक्षण आधीच करून ठेवा. खासगी गाडीच्या भरवशावर सोमवारची सकाळ ठेवू नका. फोनची बॅटरी आणि पाकिटात थोडी रोकड असू द्या, महामार्गावरच्या ढाब्यावर रेंज येईलच असं नाही. आणि एक शाल जवळ ठेवा.

तोरवीजवळचं नौरसपूर, इब्राहिमने गाण्यासाठी वसवलेलं गाव, वेळेअभावी राहून गेलं. चाचांचा नंबर माझ्याकडे आहे. उन्हाळ्याच्या आधी जायचं आहे, आणि या वेळी रेल्वेने.